पाचवा पडदा

पाराचोत संध्याकाळ आधी लाकडांना कळते.
देवदार गार पडतो, भांड्यातला सरस थिजू लागतो,
आणि युनुएन वही घेऊन माझ्या बाकावर चढते,
भुशात कोपरं टेकून.

"आजोबा, विसावं पद काढायचंय.
पहिलं पद पाच, सामान्य फरक तीन."
मी शाळा सहावीत सोडली.
म्हटलं, पायऱ्या मोज.
पाच, आठ, अकरा, चौदा...
तिची बोटं संपली तशी तिनं माझी घेतली
(माझी नऊच आहेत, एक करवतीकडे आहे)
आणि मध्येच थांबली.
"उड्या एकोणीसच मारायच्या!
पहिल्याला काही मिळवायचंच नाही,
ते आधीपासून तिथं उभं असतं."
बासष्ट.
माझं वय, पण ते मी बोललो नाही.

मी गिटारची मान तिच्यापुढे सरकवली.
"आता माझं गणित कर.
तार पासष्ट सेंटिमीटरची.
तिचा अठरावा भाग सोड, तिथं पहिला पडदा.
जे उरलं त्याचा अठरावा, तिथं दुसरा.
पुन्हा उरलेल्याचा."
ही रीत मला डॉन क्रिसोफोरोंनी दिली,
कागदावर लिहून नाही, टाळूत टपली मारून.
बाराव्यापाशी ती केसभर चुकते.
तो केस मी हाताने काढतो.

तिनं पट्टी लावली, मिलिमीटर मोजले:
छत्तीस. चौतीस. बत्तीस. तीस.
"एवढंच? दोन-दोननं उतरतंय.
पुढचा अठ्ठावीस."
"मोज."
एकोणतिसाला जरासा कमी.
"तुमचा हात हलला, आजोबा."

भिंतीवरून माझी पहिली गिटार काढली.
चौदा वर्षांचा होतो, मलाही दोन-दोनच दिसले होते.
बारावा पडदा तारेच्या निम्म्यावर यायचा,
तो अडीच सेंटिमीटर अलीकडेच दमून बसला,
आणि अठराव्यापाशी जागाच संपली:
पुढचा त्याच्याच डोक्यावर चढणार होता.
युनुएननं एक सूर छेडला
आणि दात आंबल्यासारखं तोंड केलं.

"मग खऱ्या पडद्यांची जागा कधी संपते?"
"नाही संपत. जे उरलंय त्यातलंच घ्यायचं,
म्हणून दरवेळी थोडं उरतंच."

ती गप्प झाली. वहीचं मागचं पान उलटलं.
तिथं दोनच आकडे होते: दोन, चार.
ओदिलिया, तिची आई, उत्तरेला याकिमात सफरचंदं तोडायला गेली.
पहिल्या फोननंतर दोन दिवसांनी दुसरा आला,
त्यानंतर चार दिवसांनी तिसरा.
दोन पदांवरून काहीच कळत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.
पुढे सहा येतील, किंवा आठ.
दोन्ही वाटांनी ती दहाव्या पदापर्यंत जाऊन आली होती.
मिळवत गेलं तर वीस दिवस.
गुणत गेलं तर
एक हजार चोवीस.
त्या आकड्याखाली पेन्सिल इतकी दाबलेली
की कागद फाटला होता.
ताळा करून पाहिला. बरोबर होता.

सहाव्या दिवशी आम्ही दोघांनी
फोनकडे न बघण्याचं काम केलं.
मी पडद्यांच्या खाचा पाडल्या, ती भुसा गोळा करत राहिली,
गोळा केलेला पुन्हा पसरवत.
रात्र झाली. तिनं वही उशीखाली घेतली.
आठच, असं झोपेत पुटपुटली का,
की मलाच तसं ऐकू आलं?

सातव्या दिवशी, कोरुंडाचा पहिला घास तोंडात असताना
फोन वाजला.
ओदिलिया शिडीबद्दल बोलली, खांद्याबद्दल,
थंडीत बोटं वळत नाहीत त्याबद्दल.
युनुएन "हं, हं" करत राहिली,
आणि मोकळ्या हाताने मागच्या पानावर
सात लिहिला.
चारशी त्याचं नातं
तिनं शोधलं नाही.

कोरुंडा गार झाला होता.
मी पाचवा पडदा ठोकला.